कुत्रा राहू द्या, शिडीचं सांगा

माझ्या ताईला ढोंग ओळखायचा पगार मिळतो. सरकारी इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर तिची खोली आहे. मनाचा आजार आहे असं सांगून कुणी कामावरून किंवा खटल्यातून सुटका मागितली, की त्याला तिच्याकडे पाठवतात. आजार खरा की बनाव, हे तिनं तपासून लिहायचं. इस्पितळात तिला मागून सगळे 'एक्स-रे बाई' म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि आवडत नाही.

ही नजर ती घरीही घेऊन येते. आईनं डोकं दुखतंय म्हटलं की ताई विचारणार, "कुठं? बोट ठेवून दाखव." आई आता तिच्यासमोर दुखणं काढतच नाही. मला हळूच सांगते, वर बजावते, "त्या फौजदारणीला बोलू नकोस." आम्ही हसतो, पण ताईचा जीव कुठंच स्वस्थ बसत नाही. जेवताना दोनदा उठेल, लावलेली कडी पुन्हा बघेल, वाळलेले कपडे घडी करून परत मोडेल.

त्या क्रेनवाल्याचं प्रकरण आलं तेव्हा तर तिनं घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. नावगाव न सांगता तिनं मला सगळं सांगितलं, ते असं.

उंच इमारतींच्या बांधकामावर हा माणूस क्रेन चालवायचा. उभी लोखंडी शिडी चढून आभाळाला टेकलेल्या काचेच्या डब्यात दिवसभर बसायचं आणि खाली उभा असलेला सोबती हात करेल तसा माल वरखाली करायचा. एके दिवशी साखळी तुटली. लोखंडी सळयांचा भारा खाली गेला आणि हात करणारा तो सोबती त्याखाली सापडला. चौकशी झाली. साखळी जुनी होती, चालवणाऱ्याची चूक नाही, असं ठरलं. पण तेव्हापासून हा कामावर जाईना. म्हणे, काळा कुत्रा दिसतो, तो माणसासारखा बोलतो, आणि स्वतःच्या मुलांची नावंसुद्धा आठवत नाहीत. कंपनीचं म्हणणं, नाटक करतोय.

ताईनं त्याला समोर बसवलं.

"कुत्रा कधी बोलतो?"

"सारखाच. आत्तापण बोलतोय."

"तो बोलायला लागला की तुम्ही काय करता? कान झाकता, रेडिओ लावता?"

"काही नाही. ऐकत बसतो."

ज्यांना खरंच आवाज ऐकू येतात ती माणसं त्या आवाजांपासून पळायला काही ना काही करतात, आणि मधूनमधून आवाज थांबतातही. ताईनं मग मुद्दाम एक वेडगळ प्रश्न टाकला.

"मंगळवारी डाव्या कानाला जास्त थंडी वाजते का?"

"हो हो, मंगळवारीच!" तो घाईनं म्हणाला.

त्यानंतर चित्रांची परीक्षा. आधी काही चित्रं दाखवायची, मग दोन-दोन समोर ठेवून विचारायचं, यातलं मघाशी कुठलं पाहिलं? काहीच आठवत नसेल तरी नुसत्या अंदाजानं निम्मी बरोबर येतात. ह्याची जवळजवळ सगळी चुकली. एवढं चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं! ताईच्या लेखी निकाल लागला होता. तिनं अहवाल लिहिला, पाकिटात घातला आणि घरी आली.

घरी आली, पण चप्पलच काढेना. दारातच उभी.

"काय गं?" मी विचारलं.

"त्यानं खुर्ची का सरकवली?"

"कुणी?"

"अगं, खोलीत आल्या आल्या त्यानं खुर्ची ओढून खिडकीकडे पाठ केली. भिंतीला अगदी चिकटून बसला."

"ऊन येत असेल डोळ्यावर."

"दुपारचं ऊन त्या खिडकीत येत नाही." ती आत आली, पाणी ओतलं, प्यायली नाही. "आणि तो गेल्यावर खुर्चीचे हात ओले होते. चिंब. मी पुसले ना माझ्या हातानं! पुसले आणि पुढं लिहीत बसले."

"मग? खोटं बोलताना घाम फुटतोच की."

"बोलायला लागायच्या आधीपासून येत होता." एवढं बोलून ती पुन्हा फेऱ्या घालायला लागली. आई म्हणाली, "ही जमीन झिजवणार एक दिवस."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात पोचताच तिनं क्रेनवाल्याच्या घरी फोन लावला. बायकोनं उचलला. कुत्र्याचं विचारलं तर ती गोंधळली.

"कुत्रं? कसलं कुत्रं? आमच्या घरात तर तसलं काही बोलले नाहीत ते." मग म्हणाली, "पण बाई, बल्ब बदलायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं हो. स्टुलावर पाय ठेवत नाहीत. दुकानाचं शटर खाली पडलं तरी दचकून भिंतीला लागतात. पोरं भांडं पाडायला घाबरतात आता."

ताईनं पाठवायला ठेवलेलं पाकीट परत मागून घेतलं आणि त्याला पुन्हा बोलावलं. ह्या वेळी तळमजल्यावर, प्लॅस्टर घालतात त्या खोलीत, कारण तिथं खिडकीच नाही. तो येऊन बसला आणि लगेच सुरू झाला, "कुत्रा आज सकाळपासून..."

"कुत्रा राहू द्या," ताई म्हणाली. "शिडीचं सांगा."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं नजर प्लॅस्टरच्या बादलीकडे वळवली.

"मी गेलो होतो परत," तो म्हणाला. "आठवड्याभरात गेलो. दोन पायऱ्या चढलो आणि हात सुटेनात. दांडीला नुसते चिकटले. चार जणांनी मला खाली काढलं, लहान पोराला झाडावरून काढावं तसं. मुकादमाला सांगितलं, भीती वाटते. तो म्हणाला, मर्द आहेस ना? दूध पी, झोप काढ, सोमवारी ये. सगळे हसले."

"मग कुत्रा कुठून आला?"

"मेहुणा म्हणाला, भित्र्याला कुणी सोडत नाही, वेड्याला सोडतात." त्यानं तळवे पँटला पुसले. "मुलांची नावं आठवत नाहीत म्हणालो मी. लाज वाटते. आठवतं हो सगळं. सोबत्याचा वर केलेला हातसुद्धा आठवतो. तेवढं एक विसरता आलं असतं तर..."

ताईनं नवा अहवाल लिहिला. त्यात दोन्ही गोष्टी होत्या. कुत्रा आणि विसरणं हा बनाव आहे. उंचीची आणि आवाजाची भीती खरी आहे, अपघातातून आलेली आहे आणि तिच्यावर उपचार हवेत. मोठ्या डॉक्टरांनी तो वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, एक काहीतरी लिहा. खोटा की खरा?"

"दोन्ही, सर."

"असं कसं? एकदा खोटं बोलला की संपलं. वैद्यकीय मंडळ मला विचारेल."

"सर, लंगडणारा माणूस चार लोकांत जरा जास्तच लंगडून दाखवतो. म्हणून त्याचा पाय धड असतो असं नाही."

मोठे डॉक्टर कुरकुरले, पण सही केली. मंडळापुढे ताईला स्वतः जावं लागलं. कंपनीचा माणूस 'लबाड' हा शब्द सोडायला तयार नव्हता, आणि ताई आपल्या दोन वाक्यांपैकी एकही सोडायला तयार नव्हती. शेवटी ठरलं ते असं: त्याला वर चढवायचं नाही, खालीच काम द्यायचं, आणि इस्पितळात उपचार सुरू करायचे.

मला वाटलं, सुटली एकदाची. पण आठवड्याभरात तो माणूस तिच्या दारात उभा. चौथ्या मजल्यावर जिना चढून आलेला, भिंत धरून, अंगातला शर्ट ओलाचिंब.

"तुम्ही मला लबाड लिहिलंत."

"लिहिलं. घाबरलेलाही लिहिलं."

"ते दुसरं वाक्य कुणी वाचत नाही, बाई. साइटवर मला बघून भुंकतात लोक."

त्याला भिंतीकडची खुर्ची देऊन ताईनं एवढंच विचारलं, उपचाराची तारीख घेतली का? तो बसला नाही. पण तारीख घेतल्याचं म्हणाला, आणि गेला.

त्या दिवशी ती घरी येऊन गच्चीवर गेली ती अंधार पडेपर्यंत खाली आली नाही. मी वर गेले तर म्हणाली, "खोटं लपवलं असतं तर पुढच्या खऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवला नसता. बरोबर ना?"

"बरोबर."

"मग मला असं का होतंय?"

मला काय कळतंय त्यातलं! मी तिला हात धरून खाली आणली.

पावसाळा सरता सरता त्याची बायको इस्पितळात भेटली. तो आता सुट्या भागांच्या कोठारात काम करतो, उपचाराला न चुकता येतो, आणि परवा म्हणे शेजारणीच्या घरातला बल्ब त्यानंच बदलला, स्टूल बायकोनं घट्ट धरलं होतं. भुंकणारे अजून भुंकतात. जुनी साइट सोडायचा त्याचा विचार चालला आहे.

ताईनं मोठ्या डॉक्टरांकडे मागणी केली, की कुणालाही खोटा ठरवण्याआधी दुसऱ्या भेटीची मुभा हवी. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, "बघू, गर्दी नसेल त्या दिवशी." तिनं तेवढं पदरात पाडून घेतलं.

परवा आई जिन्यात बसली आणि म्हणाली, पोटरीत गोळा आलाय. ताई धावली. मी वाट बघत होते, आता विचारणार, बोट ठेवून दाखव. तिनं काही विचारलं नाही. खाली बसून आईचा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. आईच म्हणाली, "अगं, हा नाही. दुसरा."