मागच्या बॉक्समधले स्पीकर

बायकोला ऐकू येणं कमी झालंय हे मला मोटरसायकलवर कळलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मी लांबच्या प्रवासाची मोठी गाडी घेतली होती. मुलगी सासरी गेलेली, घरात आम्ही दोघंच. चिखलदरा, धारणी, मोर्शी, सुटीचा दिवस नसला तरी निघायचो. हँडलजवळ दोन लहान स्पीकर होते. गाणं लागलं की ती मागून माझ्या पाठीवर बोटांनी ताल धरायची. एकदा परतवाड्याहून येताना गाणं संपलं, तरी बोटं चालूच राहिली.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस वाळत चाललीय, हे थांबणारं नाही. त्यांनी कानाचं मशीन दिलं. घरात त्याचा थोडाफार उपयोग व्हायचा. गाडीवर हेल्मेटच्या आत मात्र नुसता वारा भणभणायचा, म्हणून ती ते काढून ठेवायची.

मला वाटलं, स्पीकरच लहान आहेत. अकोल्यात गाड्यांना साउंड बसवणारा एक म्हातारा कारागीर होता. मी तिला घेऊन सकाळीच त्याच्याकडे गेलो. समोर मोठे स्पीकर, सीटखाली ॲम्प्लिफायर आणि सामानाच्या मागच्या बॉक्सच्या झाकणात, तिच्या कानांजवळ, आणखी दोन, असं मी सांगितलं.

"मांगं कावून?" त्याने विचारलं. "लोकं तं समोरच बसवतेत."

"मांगं बसणाऱ्याले आयकू आलं पाह्यजे."

त्याने खुर्चीवर बसलेल्या तिच्याकडे पाहिलं आणि बॉक्सचं झाकण खोलायला घेतलं. दुपार टळेपर्यंत तो खपत होता. गाणं लावून पाहिलं तेव्हा समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली. ती हसली. मी समजलो, ऐकू आलं.

बोरगाव मंजू गेल्यावर मी आवाज पूर्ण वाढवला. माझेच कान दुखायला लागले. ट्रकवाले वाकून बघत होते. पाठीवर मात्र काही हालचाल नव्हती. दमली असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

मूर्तिजापूरच्या पुढे तिने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मोठ्याने म्हणाली, "अवो, आता लावा ना गाणं. मी केव्हाची वाट पाहून राह्यली."

मी गाडी बाजूला घेतली. गाणं चालूच होतं. बस थांब्यावर दोन बायका कानांवर हात ठेवून आमच्याकडे बघत होत्या. तिने आधी त्यांना पाहिलं, मग मला. हेल्मेट काढलं, कानात मशीन घातलं आणि वाकून बॉक्सला कान लावला.

"थरथरते," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

मी गाणं बंद केलं. तेही तिला माझा हात पाहूनच कळलं असेल.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "पण तुमी एवढ्या हौसेनं निघाले. मलेबी वाटलं, मोठ्या आवाजानं आयकू येईल."

बडनेऱ्यापर्यंत मी गाणं परत लावलं नाही. लावूनही उपयोग नव्हता.

त्यानंतर ती एकदाच मागे बसली. मागून येणाऱ्या गाड्या एकदम बाजूला दिसतात, छातीत धस्स होतं, म्हणाली. मी आग्रह केला नाही. एकटा कुठे जाऊ? बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी गाडी अंगणातच चालू करतो.

मध्ये कारागिराचा फोन आला होता. "आवाज बरोबर येते ना मांगं?" त्याने विचारलं.

"येते," मी म्हणालो.

समोर ती भाजी निवडत बसली होती. माझ्या कानाला फोन पाहून तिने खुणेनेच कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि मुलगी बरी आहे ना, असं मला विचारलं.