ऐकून घ्यावं लागलेल्यांची बाजू

मेस्त्री सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मालाडमधल्या एका शाळेच्या वर्गात, दहावीची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत. बाबांनी मला नेलं होतं. तोवर माझं खरं शिक्षण घरीच चालायचं. जेवणं झाली की बाबा मला अग्रलेख मोठ्याने वाचायला लावायचे आणि वाचून संपला की म्हणायचे, "आता याच्या उलट बाजू मांड." सरांचा रविवारचा अभ्यासवर्ग म्हणजे हेच, फक्त जास्त माणसांत, असं त्यांना वाटलं होतं.

त्या वर्गात एकच पंखा चालत असे. सरांचा नियम असा की, ज्याचं मत त्या दिवशी सर्वांत कमी लोकांना पटत असेल त्याने पंख्याखाली बसायचं आणि तो बोलून संपेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. बाबा बँकेत अधिकारी. बाजार खुला झाला तेव्हाच देशात खरा उदारमतवाद आला, असं त्यांचं ठाम मत होतं. सरांना ते अजिबात मान्य नव्हतं. तरी त्यांनी स्वतः उठून बाबांची खुर्ची पंख्याखाली सरकवली. घरी येताना बाबा खुशीत होते. म्हणाले, "पटवता नाही आलं कुणाला, पण घाम नाही आला."

पुढे मी राज्यशास्त्र घेतलं ते सरांमुळे. आज मी बोरिवलीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर तोच विषय शिकवते. सरांची 'उदारमतवादाचे बदलते अर्थ' ही व्याख्यानमाला मी अनेकदा ऐकली. राजाचा हात अडवणारा हा विचार पहिल्यांदा जमीनजुमला असलेल्या पुरुषांपुरताच होता, हे ते आडपडदा न ठेवता सांगत. मग मताचा हक्क आला, मग शाळा आणि दवाखाना ही सरकारची जबाबदारी ठरली, मग पुन्हा बाजाराचं स्वातंत्र्य पुढे आलं. आपल्याकडे याच विचाराच्या माणसांना 'मवाळ' म्हणून हिणवलं गेलं. आता सोसायटीच्या ग्रुपवर 'लिबरल' ही शिवी आहे. सर म्हणत, हा अर्थ विद्वानांनी कधीच बदलला नाही. ज्यांना वगळलं होतं त्यांनी तो आपल्यासाठी मागितला, तेव्हा तो बदलला.

माझं लग्न दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी झालं. बाबांची उलट बाजू मांडायला लावण्याची हौस तिथे संपली. नोंदणीच्या दिवशी साक्षीदार म्हणून सर आले, गुडघा दुखत असताना जिना चढून. सही झाल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, चहा कुठे चांगला मिळतो इथे?" त्या दिवशी मला माहेरचं माणूस होतं.

आता जे लिहायचं आहे, ते लिहावं का, यावर मी बरेच दिवस घालवले. सरांच्या या गौरवग्रंथासाठी समितीने पाठवलेल्या पत्रात 'आठवणी गोड असाव्यात' अशी विनंती होती. पण पुढचं गाळलं तर वरचंही खोटं होईल.

वर्गातल्याच एका तरुणाने (त्याला इथे निखिल म्हणते) आमच्या लग्नाचा फोटो ग्रुपांवर फिरवला. खाली लिहिलं, 'सरांच्या थिअरीचं प्रॅक्टिकल'. त्याखाली लोकांनी जे लिहिलं ते मी इथे देत नाही. वर्गातल्या ज्येष्ठांनी ठरवलं की निखिलला काढायचं. सरांनी नकार दिला. त्याने हे सगळं समोर येऊन बोलावं, असा निरोप त्यांनी धाडला.

मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, तत्त्व तुमचं, आणि ऐकून मी घ्यायचं?"

ते म्हणाले, "हो गं. तसंच होतंय. तरी मी त्याला काढणार नाही."

निखिल आला, पंख्याखाली बसला. "राग नका मानू सर," तो म्हणाला, "पण तुम्ही लिबरल लोक ना, फक्त आपापसातच लिबरल असता. मला ठेवलंत ते पण स्वतःला बरं वाटावं म्हणून." एकदोघं हसले. माझी बोलायची वेळ आली तेव्हा सरांनी त्याला थांबायची विनंती केली. "शिफ्ट आहे सर," म्हणून तो निघून गेला. त्याने आजवर माफी मागितलेली नाही. अशा गोष्टींत शेवटी माणूस बदलतो असं आपण लिहितो. तो बदलला नाही.

पुढच्या रविवारी सर उभे राहिले. म्हणाले, "उदारमतवादाचा इतिहास मी आजवर बोलणाऱ्यांच्या बाजूने सांगितला. ज्यांना ऐकून घ्यावं लागलं त्यांच्या बाजूने कधी सांगितला नाही. ते व्याख्यान माझ्याकडे तयार नाही." आयुष्यभर शिकवलेल्या विषयाबद्दल एका शिक्षकाने हे भर वर्गात सांगितलं. मी त्यांना थोर मानते ते यासाठी. माझा राग मात्र तेवढ्याने गेलेला नाही, हेही त्यांना ठाऊक आहे.

हे ऐकायला तिथे आम्ही मोजकेच होतो. या ग्रंथात ज्यांचे लेख आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांनी तोवर येणं बंद केलं होतं. एका ज्येष्ठांनी मला सांगितलं, "सर थकलेत आता." दुसरे म्हणाले, "शेवटी मवाळच." निखिलच्या ग्रुपमधल्या मंडळींनी वर्गाविरुद्ध शाळेकडे तक्रार केली आणि शाळेने खोली काढून घेतली. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपल्यापैकी कित्येकांचे हॉल त्या खोलीपेक्षा मोठे आहेत. एकाचाही फोन आला नाही. आज मात्र सभागृह ठरलं आहे, शाल आली आहे, मानपत्रात सरांना 'उदारमतवादाचे दीपस्तंभ' म्हटलं आहे. दीपस्तंभाला घरी बोलवावं लागत नाही, ही त्याची सोय.

वर्ग आता दहिसरला, सरांच्या दोन खोल्यांत भरतो. चहा माझा नवरा करतो. ते न झालेलं व्याख्यान सर अजून लिहीत आहेत. लिहिलेलं मला वाचून दाखवतात, मी हरकती घेते, ते खोडतात. तत्त्व एकाने पाळायचं तर त्याची किंमत दुसऱ्याने का मोजायची, या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही सापडलेलं नाही.

सरांच्या गुडघ्याला आराम पडो, नजर शाबूत राहो, आणि ते व्याख्यान पुरं होऊन त्यावर मनसोक्त भांडण होईल एवढं आयुष्य त्यांना लाभो. आपण सर्वांनी रविवारी जरूर यावं. सर स्वतः उठून आपलं स्वागत करतील आणि इतके दिवस कुठे होतात, असं चुकूनही विचारणार नाहीत.

मी विचारेन.