बाल्कनीतला शंखासूर

सौंसरच्या स्टँडवर नागपूरची बस सुटत होती आणि आई माझ्या बॅगेची चेन उघडून तिच्यात शंखासुराच्या शेंगा कोंबत होती. कंडक्टर ओरडत होता, लोक खिडकीतून बघत होते. पुण्याला पहिल्या नोकरीवर निघालेल्या मुलाला कुणी लाडू देतं, आमच्या आईने कुंपणाचं झाड दिलं. "बी दगडावर घासजो, गरम पान्यात रातभर ठेवजो, मंग लावजो," हे तिने बस हलेपर्यंत तीनदा सांगितलं. मी मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही.

पहिल्या वर्षी बिया तशाच मातीत खुपसल्या. एकही उगवली नाही. दुसऱ्या वर्षी सांगितल्याप्रमाणे केलं, तर झाड आलं आणि माझ्या मागेच लागलं. गावी, रामाकोन्याला, आमच्या कुंपणावर हाच शंखासूर लाल-पिवळ्या फुलांनी लगडलेला असतो, कुणी त्याच्याकडे बघतही नाही. इथे सहाव्या मजल्यावर मी त्याला पाणी, खत, सगळं दिलं आणि तो नुसता काठीसारखा वाढत ग्रिलबाहेर गेला. फूल एक नाही. खालच्यांच्या बाल्कनीत पाणी ठिबकतं म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर माझा उद्धार होई, ते वेगळंच. व्हिडिओ कॉलवर आई माझी तब्येत विचारण्याआधी म्हणायची, "कापलं का?" दरवर्षी गुडघ्याएवढं ठेवून बाकी सगळं छाटायचं, ही तिची रीत. इतक्या कष्टाने वाढवलेलं कापायला माझा हात धजत नव्हता.

बाबा गेल्यापासून ती एकटी. "हे तुझंच घर आहे, ये राहायला," हे सांगून सांगून मी थकलो. या फेब्रुवारीत आली एकदाची, आठ दिवसांसाठी. चहा व्हायच्या आत पिशवीतून स्वतःचा विळा काढला आणि झाड गुडघ्यापर्यंत उतरवलं. मी चिडलोच. विचारायचं तरी, म्हणालो.

"त्यात इचारा काय लागते? तू नुस्तं पानी देऊन राहिला, बापू."

मला बरं वाटलं. हक्क गाजवते आहे, म्हणजे रमेल. पण हात धुऊन आली आणि म्हणाली, "टॉवेल कुठी वाळू घालू?" मग आठ दिवस तेच. गॅस लावू का, फ्रिजमधलं दूध घेऊ का, खिडकी उघडू का. माझं डोकं फिरायचं. एकदा ओरडलोही, तर पुढचा प्रश्न तिने हळू आवाजात विचारला. नवव्या दिवशी गेली.

मे महिन्यात झाडाला फुलं आली. फोटो पाठवला, खाली लिहिलं, आता तरी ये. तिचा व्हॉइस मेसेज आला, "मस्त. आता शेंगा धरू दे." या बाईपुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. मीच रामाकोन्याला गेलो.

दुपारी जेवण झालं. ती भांडी आवरत होती, मी भिंतीला टेकून बसलो होतो. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"आई, पंखा लावू का?"

शब्द तोंडातून गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. तिचे हात थांबले. ती पदराला हात पुसत उठली आणि बटण दाबलं.