मागाचे तीन पाय

आमच्या हिच्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मामांच्याच हाताखालून गेलेला असणार. आयुष्यभर विणकाम केलेला हा माणूस शहराच्या कडेला, बेसाला, मुलाच्या नव्या घरी राहायला आला तो वडिलांचा सागवानी हातमाग घेऊनच. वर्षभरात भिंतीतून वाळवी निघाली. मुलगा म्हणाला, माग काढा, नाहीतर फरशीला भोकं पाडून औषध भरू. "लेकरू रांगून राहिलं घरात, अन् तुले विष भरायचं हाय?" मामा म्हणाले, "माग हालणार नाही." झालं, त्या दिवसापासून स्वयंपाकघर मामांचं. कृषी केंद्रातून आणलेली, वाळवीला रोग लावणारी हिरवी बुरशी ते शिजवलेल्या भातावर वाढवत आणि पिशव्या फ्रिजमध्ये ठेवत. मामी करवादल्या, "माह्या कोथिंबिरीपाशी हे काहून ठेवलं?" मामांनी कोथिंबीरच बाहेर काढली. ती बुरशी ओल्या पुठ्ठ्याला चोपडून वर त्याच वाळवीच्या औषधाचे मोजून दोन थेंब सोडायचे आणि पुठ्ठा वाळवीच्या वाटेवर ठेवायचा. एवढ्याशानं काय मरणार, असं मी हसून विचारलं. "मारायचं कुठं हाय, जवाईबुवा? ह्या एकमेकीले चाटूनपुसून साफ ठेवतात, म्हणून बुरशी टिकत नाही. दोन थेंबानं त्या आळशी होतात. पुसणं बंद झालं का बुरशी थेट त्यायच्या घरात."

एकदा मामा खाप्याला लग्नाला गेले आणि पुठ्ठे माझ्यावर सोपवून गेले. मी शहाण्यानं दोन थेंबांऐवजी झाकणभर औषध ओतलं. वाळवी जागच्या जागी मेली आणि मी खूश. मागे उरलेल्यांनी ती वाट मातीनं लिंपून टाकली, दुसरी काढली आणि मागाच्या एका पायात शिरल्या. मामांनी परत येऊन तो पाय ठोकला, तर पोकळ वाजला. मुलगा म्हणाला, आता तरी फेका. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी पोकळ पाय कापला, खाली विटा लावल्या आणि पुन्हा भात चढवला. बाकीचे तीन पाय वाचले.

यंदा मामा गेले. मुलगा परत माग काढायचं म्हणतोय. मी त्याला तोंडावर सांगितलंय, एक पाय माझ्या हातून गेला, उरलेल्या तिन्ही पायांना हात लावून दाखव. दर रविवारी मी पुठ्ठे घेऊन बेसाला जातो, दोन थेंब दोनदा मोजतो, आणि मामांची फार आठवण येते. मी पोचायच्या आधी मामी भात शिजवून निवत ठेवतात आणि फ्रिजमधली कोथिंबीर स्वतःच बाहेर काढतात.