आवाजावर ये

हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर धुकं उतरतं तेव्हा समुद्र आणि आभाळ यांच्यामधली शिवण उसवल्यासारखी होते. लाट ऐकू येते, दिसत नाही. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील हवेत आपले आपण टांगल्यासारखे वाटतात. आता म्हातारपणी मला ते धुकं झोपेतही दिसतं आणि त्यात कुणीतरी हाक देत असतं. पुष्कळदा तो मीच असतो.

हाक देण्याचं काम आमच्या घराकडं होतं. झाईच्या अलीकडं आमची वाडी. हातात मोबाइल नव्हते त्या काळात होड्या धुक्यात अडकल्या की एकानं खाडीच्या तोंडाशी उभं राहून त्यांना आत बोलवायचं. एका अंगाला पाण्याखाली खडक, दुसऱ्या अंगाला रेतीचा उंचवटा, मधून वाट. बाकीचे दिवस मीही समुद्रावर जायचो, पण धुक्याच्या दिवसांत मला किनाऱ्यावर ठेवायचे. कारण आवाज. माझ्यासारखा आवाज डहाणूपासून गुजरातच्या हद्दीपर्यंत कुणाला नव्हता, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगतो.

बापानं हाक शिकवली तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. खडकाचं नाव घ्यायचं नाही. "जपा, खडक आहे" असं ओरडावंसं फार वाटतं, पण ओरडायचं नाही. धुक्यातला माणूस आधीच घाबरलेला. खडक म्हटलं की तो खडक शोधायला लागतो. डोळे तिकडं गेले की हात त्यांच्यामागं जातो आणि हाताबरोबर होडी. म्हणून फक्त वाट बोलायची. "आवाजावर ये रे, आवाजावर ये." होडीचं नाक धुक्यातून बाहेर येईपर्यंत तेवढंच.

त्या हाकेवर सगळ्यात जास्त वेळा घरी आला तो माझा दोस्त. तो तांडेल, म्हणजे होडी त्याच्या हुकमात. लहानपणापासूनचा सोबती, आणि वाकड्या तोंडाचा. माझा आवाज आभाळाला भिडायचा नि हा किनाऱ्याला उतरून म्हणायचा, "काय रे भोंग्या, पोरंबाळं झोपू देशील की नाही?" पुढं देवळावर खराखुरा भोंगा बसला आणि माईक माझ्या हातात आला, तेव्हापासून वाडीत माझं तेच नाव पडलं. वाऱ्याचा इशारा, रेशनचं धान्य, बाळांना टोचायचा दिवस, सगळं मीच सांगतो. कोण गेलं, ते पण. आमच्याकडं मयताची खबर पूर्ण द्यायची रीत आहे. कोण, कुणाचा, कशानं, कुठं. अर्धी खबर दिली तर लोक म्हणतात, म्हातारा विसरायला लागला.

तर अशाच एका धुक्याच्या सकाळी खबर आली की पलीकडच्या वाडीतल्या एका तरुण माणसानं आपला जीव दिला. कसा, कुठं, ते मी इथंही लिहिणार नाही. का, ते मला माहीत नाही. ज्यांना वाटलं आपल्याला माहीत आहे, त्यांनाही नव्हतं.

मी देवळाकडं निघालो. काय बोलायचं ते मनात पक्कं झालं होतं. रीतीप्रमाणं सगळी खबर द्यायची आणि शेवटी चांगलं फटकारायचं, की असं करणारा भित्रा, आईबापाचा विचार न करणारा. बाकीच्यांना दहशत बसली पाहिजे. मला वाटत होतं, याहून मोठं पुण्याचं काम आज वाडीत दुसरं नाही.

देवळाच्या पायरीवर उपकेंद्रातली सिस्टर उभी होती. आमच्याच वाडीची सून. पदर दमट, केसांवर धुक्याचे थेंब.

"आजोबा, माईक लावायच्या आधी जरा ऐका माझं."

"बोल."

"कसं झालं, कुठं झालं, ते सांगू नका."

"का? मी काय खोटं सांगणार आहे?"

"खोटं नाही हो. पण सगळं सांगायची गरज नाही. ज्याच्या मनात आधीच तसलं काही घोळत असेल, त्याला तुम्ही घरबसल्या रस्ता दाखवाल. आणि भित्राबित्रा पण म्हणू नका."

"मग काय हार घालू त्याला?"

"हार पण नको," ती म्हणाली. "सुटला बिचारा, असं पण नको. गेला, आणि आपल्याला वाईट वाटतंय, बस. ज्याला त्रास होतोय त्याला भित्रा म्हटलं तर तो तोंड उघडेल का? तुम्ही उघडाल?"

"मला कसला त्रास?" मी म्हणालो. "मला शिकवायला आलीस? तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी हाक देतोय."

"म्हणूनच आले. माझं कोण ऐकतंय? भोंग्यावर तुमचं सगळी वाडी ऐकते." मग जरा थांबून तिनं आवाज खाली घेतला. "तुमचे ते दोस्त पण ऐकतात. ओट्यावर बसून."

दोस्ताची बायको, माझी वहिनी, वारल्यापासून तो ओट्यावर बसायचा, समुद्राकडं पाठ करून. तांडेल माणूस, आणि समुद्राकडं पाठ! मी म्हणायचो, वय झालं, दुसरं काय. जेवण कमी झालं होतं. मला टोमणा मारणंही बंद झालं होतं, आणि मला वाटलं होतं, चला, म्हातारा सुधारला.

"हल्ली काही बोलले का तुमच्याशी?" तिनं विचारलं.

"बोलला नाही. पण काल त्याच्या लेकीची पोर आली होती, तिच्या हातून त्याचं होकायंत्र पाठवलंन मला. पितळेचं आहे. जन्मभर कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि मला पाठवलं." हे सांगताना माझी छाती फुगली होती. कालपासून फुगलेलीच होती. कनवटीला बांधून फिरत होतो.

सिस्टर हसली नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "जपून ठेवलेली वस्तू माणूस अशी अचानक देऊन टाकतो, तेव्हा जाऊन त्याला विचारावं लागतं."

"काय विचारायचं?"

"सरळ विचारायचं. जीव द्यायचं मनात येतं का."

"वेडी झालीस काय? नसलं मनात तर मी घालीन!"

"नाही घालत. विचारल्यानं मनात येत नाही. उलट त्याला वाटतं, कुणीतरी बघितलं आपल्याला."

खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता. कनवटीचं होकायंत्र एकाएकी जड झालं होतं. मी देवळात गेलो, माईकचं बटण दाबलं आणि भोंगा नेहमीसारखा खरखरला.

बाहेर काही दिसत नव्हतं. ना वाडी, ना पाणी. त्या पांढऱ्यात कुठंतरी त्याचा ओटा होता. मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. मी जणू खाडीच्या तोंडाशी उभा होतो, पाय ओल्या रेतीत, बाप मागं. आणि होडीत एकच माणूस.

मी म्हणालो, "ऐका मंडळी. पलीकडच्या वाडीतला एक मुलगा आज आपल्यातून गेला. त्याच्या घरचे फार दुःखात आहेत. त्यांच्याकडं जाऊन बसा. जेवण घेऊन जा. कसं नि का, ते विचारू नका."

मग थांबलो. भोंगा घुमत राहिला. पुढचं मी ठरवलेलं नव्हतं.

"आणि वाडीत कुणाच्या डोक्यात धुकं भरलं असेल, झोप लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर त्यानं एकट्यानं होडी हाकू नये. बायकोला सांगा, शेजाऱ्याला सांगा. सिस्टर उपकेंद्रात आहे. कासा गावच्या दवाखान्यात जाता येतं. सरकारचा फुकटातला फोन आहे, नंबर उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलाय, कधीही लावा. ह्याला औषध आहे, ह्यातून माणसं बाहेर येतात. आणि कुणी नाही भेटलं तर माझं दार उघडं आहे. मी कुणाला हसणार नाही." आणि मग, भोंग्यावर कधी दिली नव्हती ती हाक आपोआप आली. "आवाजावर ये रे. आवाजावर ये."

बाहेर आलो तर सिस्टर पायरीवर बसून डोळे पुसत होती. मी म्हणालो, "तुझ्यासाठी नाही बोललो. मला जे येतं ते बोललो." ती म्हणाली, "बरं." हट्ट कुणाचाही असो, तिला कामाशी काम. तिनं मला चालायला लावलं.

दोस्ताच्या ओट्यापर्यंतची वाट मला झोपेतही सापडते, पण त्या दिवशी ती संपेना. शेवटी तो दिसला, पण रोजच्यासारखा नाही. तोंड देवळाकडं केलं होतं. मी त्याच्या शेजारी बसलो. सिस्टर कुडाजवळ थांबली. मला गोल गोल बोलता येत नाही, आणि त्या दिवशी ते बरंच झालं.

"तुझ्या मनात येतं का रे? जीव द्यायचं?"

त्यानं तोंड देवळाकडून वळवून माझ्याकडं केलं.

"पहाटेचं येतं," तो म्हणाला. "रोज नाही."

"आज?"

"आज आलं होतं." मग म्हणाला, "किती वर्षांनी दिलीस ती हाक. मला वाटलं, मी अजून बाहेरच आहे."

मी त्याचा हात धरला. आमच्यात अशी पद्धत नाही. लग्नात, मयतीत, कधी धरला नव्हता. हात गार होता. मी तो सोडला नाही.

सिस्टरनं त्याच्या लेकीला फोन लावला. ती सरावलीला दिलेली, लगेच आली. येऊन बापाला एका शब्दानं न रागावता तिनं घरात धोक्याचं जे काय होतं ते बांधून आपल्याबरोबर नेण्यासाठी बाजूला ठेवलं. मग आम्ही त्याला घेऊन निघालो. बसनं तलासरी, तिथून हायवेला लागून जीपनं कासा. जीपमध्ये भाजीवाल्या, कोंबड्या, एक शाळेची मास्तरीण, सगळे खेटून. त्यांना काय माहीत आम्ही कुठून परत आणत होतो त्याला. चारोटीच्या आसपास ऊन पडलं. खिडकीतून ते त्याच्या गुडघ्यावर आलं आणि तो त्यावर हात ठेवून बसला, पाखरू धरल्यासारखा.

डॉक्टरनं त्याला ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. एका फेरीत बरं होत नाही, हे मी लिहून ठेवतो, कारण मला तसं वाटलं होतं आणि मी चिडलो होतो. मधे परत वाईट दिवस आले. त्या दिवसांत त्याला एकटं ठेवलं नाही, कधी लेक, कधी मी. मी जाळं विणत बसायचो, तो बघायचा. एक दिवस म्हणाला, "गाठ चुकली." मी उसवली. चुकली नव्हती, पण मी उसवली.

होकायंत्र मी त्याला परत दिलं. म्हटलं, मला दिशा पाठ आहेत, तुझं तू ठेव. तो म्हणाला, "दिलेलं परत घेत नसतात." मी म्हणालो, "मग सांभाळायला ठेव. माझं आहे म्हणून." ते आता त्याच्या देव्हाऱ्याशेजारी असतं आणि तो त्याला रोज पुसतो.

मयताची खबर मी आता तशीच देतो, कोण गेलं तेवढी. सुरुवातीला कुरकुर झाली. म्हातारा विसरायला लागला, म्हणाले. म्हणेनात का. भोंगा माझ्या हातात आहे.

गेल्या हिवाळ्यात असंच दाट धुकं उतरलं. होड्यांवर आता मशीन असतात, वाट त्यांना पडद्यावर दिसते. तरी एक लहान होडी राहिली होती, तिच्यावरचं मशीन बंद पडलेलं. मी भोंग्याकडं जायला उठलो तर दोस्त काठी टेकत खाडीच्या तोंडाशी निघालेला. मी मागं गेलो. ओल्या रेतीत दोघं उभे राहिलो. मी हाक दिली आणि घसा मधेच फाटला.

"सरक बाजूला," तो म्हणाला. "आवाज बसलाय तुझा, भोंग्या."

त्यानं तोंडाला हातांचा पेला केला. आवाज कसला तो, चिरका, पाण्यावर पोचतो की नाही असा. पण त्यानं खडकाचं नाव घेतलं नाही. एवढी वर्षं तो पलीकडून ऐकत होता, तेच शब्द त्याच्या तोंडात आले. आवाजावर ये रे. तो हाक देत राहिला आणि मी त्याच्याकडं बघत राहिलो, कारण होडीकडं बघण्यासारखं अजून काही नव्हतं. मग पांढऱ्यातून एक बॅटरी लुकलुकली.

"आली," तो म्हणाला, आणि पुन्हा हाक द्यायला लागला.