पिल्लाले चूप बसवायचं काम

“तू ऊठ वं. पिल्लाले घे अन् मागं गोदामात जाऊन बस. पूजेत भुंकन ते.”

भाऊसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. अक्षय तृतीया होती. कारंज्यातलं त्यांचं बी-बियाणं, खत अन् फवारणीच्या औषधांचं दुकान. मी तिथं बिलं करते. काउंटरमागं माझी खुर्ची, समोर कॉम्प्युटर. खुर्चीच्या बाजूलेच चौरंग मांडला होता. भटजी आले होते, वहिनी म्हणजे भाऊसाहेबांची बायको आली होती, बाजारातले काही दुकानदार आले होते. दिवाळीनंतर मी कामाले लागली, म्हणून दुकानातली ही माझी पहिलीच पूजा. मी नवा ड्रेस घालून गेली होती.

मी उठली. पिल्लू खोक्यात झोपलं होतं. त्याच्या मनात भुंकायचं काहीच नव्हतं. मी झोपेतून उचललं म्हणून ते भुंकलं. भाऊसाहेब म्हणाले, “पाह्यलं?” सगळे हासले. मीही हासली.

गोदाम पत्र्याचं. वैशाखातलं ऊन. खताच्या अन् औषधाच्या वासानं डोळ्यातून पाणी येते तिथं. पिल्लू जीभ काढून धापा टाकून राह्यलं होतं. मी पुठ्ठ्यानं त्याले वारा घातला, मंग मले घातला. आतून आरती ऐकू येत होती. सुधीर, दुकानातला पोती उचलणारा पोरगा, तो आत उभा राहून टाळ्या वाजवून राह्यला होता. मागून त्यानंच कागदावर प्रसाद आणून दिला. “घे, तुह्या वाट्याचा,” म्हणे.

मले पूजेचं कवतिक नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरात बुद्धाचा फोटो आहे, दारावर निळा झेंडा आहे. आजोबाच्या काळात सगळ्या वस्तीनं जुने देव सोडले ते सोडलेच. मले आरती नको होती, गंध नको होतं. मले माझी खुर्ची पाहिजे होती. ज्या जागेवर मी दिवसभर काम करते, तिथून मले कोणी उठवू नये, एवढंच.

पण तवा मले वाटलं, खरंच पिल्लासाठीच उठवलं.

हे पिल्लू भाऊसाहेबांच्या पोरानं पुण्याहून आणलं. लॅब्राडोर. पोरगा गेला वापस पुण्याले कॉलेजात, पिल्लू राह्यलं इथं. घरी दिवसभर केकाटे. वहिनी वैतागल्या. मंग भाऊसाहेब त्याले गाडीत समोरच्या सीटवर बसवून रोज दुकानात आणू लागले. दुकानात तर बाप्पा, कहरच. वजनाचा काटा वाजला का भुंके, प्रिंटर चालू झाला का भुंके, पागोटंवाला म्हातारा दिसला का त्याच्या धोतराले झोंबे.

पिल्लू दुकानात आलं त्या पहिल्याच दिवशी गिराईक उभं असताना भाऊसाहेब मले म्हणाले, “तुमच्या वस्तीत कुत्रे लय. तुले सवय असन. शिकव याले चूप बसायचं. कामाच्या ठिकाणी आवाज नाही पाहिजे त्याचा.”

मी बी.कॉम. आहे. बिलाच्या कामावर लागली. माझ्या घरात आजपर्यंत कुत्रं नव्हतं. पण मी हो म्हटलं. नोकरी म्हटलं का हो म्हणावं लागते, असं मले वाटे. घरी मी अन् माय दोघीच. मायचे गुडघे गेले निंदण-खुरपण करून करून. तिनं आता दुसऱ्याच्या वावरात जाऊ नये, म्हणून मी आमच्या कामरगावाहून रोज जीपमध्ये कोंबून येत होती.

सुरुवातीले मी त्याच्यावर ओरडायची. “ए, चूप! चूप म्हटलं ना!” मी जेवढी ओरडे, तेवढं ते भुंके. घरी मायले सांगतलं तर माय पदर तोंडाले लावून हासली.

“अव बाई, त्याले वाटत असन का तूबी भुंकून राह्यली. दोघंबी मिळून भुंकता तुमी.”

मंग मी ओरडणं बंद केलं. ते भुंकलं का मी तोंड फिरवून बसायची. त्याच्याकडं पाह्यचंच नाही. चूप झालं रे झालं का लगेच बिस्किटाचा तुकडा अन् मानेवरून हात. आधी एक बिल होईपर्यंत चूप, मंग दोन बिलं होईपर्यंत. सकाळी शटर उघडायच्या आधी त्याले मार्केटच्या आवारात दमवून आणायची. जुन्या बारदान्याची गाठ मारून चावायले दिली. माझ्या खुर्चीच्या पायाशी पोतं अंथरलं, ती त्याची जागा. एक बोट वर केलं का बस, अन् बोट ओठावर ठेवलं का चूप. काट्याची त्याले भीती होती, म्हणून रिकाम्या काट्यावर वजन ठेवून ठेवून त्याचा टूँ टूँ आवाज ऐकवला, बिस्किट देत देत. सुधीर कपाळावर हात मारे. “शाळा काढ आता,” म्हणे.

जीव लागला मले त्याचा, खोटं कायले बोलू. सकाळी मले पाहून शेपटीसकट सगळं अंग हालवे. दुकानात तेवढं तरी कोणी माझ्या येण्यानं खूश होत होतं.

पण मधून मधून गोदाम चालूच. कंपनीचा साहेब जेवायले आला, का “पिल्लाले घेऊन मागं जाय.” वहिनीच्या माहेरचे पाहुणे दुकान पाह्यले आले, का “पिल्लाले घेऊन मागं जाय.” अन् सुधीर समोर, पाणी देत.

मायनं ऐकलं अन् भाकर थापता थापता म्हणाली, “बाई, कुत्रं निमित्त हाय.”

मले राग आला. लय राग आला. मी म्हटलं, “माय, तू सगळ्यात तेच कायले पाह्यतं? तुह्या जमान्यात असन तसं. आता नाही राह्यलं ते. पिल्लू खरंच भुंकते. ते चूप बसायले शिकलं का मले कोण उठवते?”

“मंग शिकव,” माय म्हणाली.

मी जिद्दीले पेटली. मिरगाच्या पावसाआधी दुकानात बियाण्याच्या पहिल्या थैलीची पूजा होते. नारळ फुटते, मंग पहिली थैली विकल्या जाते अन् हंगाम सुरू होते. वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस तो. मी ठरवलं, त्या दिवसापर्यंत हे पिल्लू असं तयार करते का कानाजवळ ढोल वाजला तरी ‘भू’ नाही म्हणणार. मी बाजारातून पितळेची घंटी आणली. घंटी वाजवली, बोट ओठावर, बिस्किट. सुधीरकडून पायरीवर नारळ आपटवला, बोट ओठावर, बिस्किट. आमच्यातल्या पोरीनं कुत्र्याले आरतीची सवय लावली, हे सांगतलं तर कोणी खरं मानणार नाही. पण लावली.

वहिनी एकदा पाहून म्हणाल्या, “किती गुणाचं झालं हो! अन् ही पोरगीही गुणाची आहे. त्यांच्यातली वाटतच नाही.” मी तवा खाली मान घालून हासली. ते बोलणं मले गोड लागलं होतं. दिवसभर लागलं होतं.

मिरगाची पूजा आली. दुकान गच्च भरलं. भटजी, दुकानदार, बी न्यायले आलेले शेतकरी पायरीपर्यंत उभे. चौरंग तिथंच, माझ्या बाजूले. सोयाबीनची थैली त्यावर, वर हार. पिल्लू पोत्यावर बसलं होतं. भटजीनं घंटी वाजवली. पिल्लानं माझ्याकडं पाह्यलं. मी बोट ओठावर ठेवलं. ते चूप. वहिनी “अरे माझ्या राजा” म्हणत वाकल्या अन् थैलीले लावता लावता बोटाचं कुंकू पिल्लाच्या कपाळाले लावलं. सगळ्यांनी फोटो काढले.

मले इतका आनंद झाला का काय सांगू. जिंकली, असं वाटलं.

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाह्यलं. “चाल, पिल्लाले घेऊन मागं जाय.”

मी म्हटलं, “भाऊसाहेब, ते चूप आहे. घंटीलेही नाही भुंकलं. पाह्यलं ना तुमी.”

त्यांनी गोदामाकडं बोट केलं. “मंग असं कर, गोदामात जाऊन युरियाची पोती मोजून घे.”

“कालच मोजली. तुमाले सांगतलं मी.”

दुकानदार आमच्याकडं पाहू लागले. भाऊसाहेबांचं तोंड लाल झालं. आवाज दाबून म्हणाले, “कायले तोंड लावून राह्यली? पूजा आहे, तुले समजत नाही का? पिल्लू राहू दे. तू जाय.”

पिल्लू राहू दे. तू जाय.

मायचा चेहरा समोर आला. तिनं एका वाक्यात सांगतलं होतं अन् मी पदवीचा दिमाख दाखवून तिले चूप केलं होतं. कुत्रं पूजेत चालत होतं. कपाळाले कुंकू लावून चालत होतं. माझी अडचण होती. पहिल्या दिवसापासून माझीच होती, अन् मी येडी, रोज पिल्लाचा आवाज बंद करत बसली. त्याले बिस्किट देत होती तसं मलेही कोणी देत होतं. गुणाची पोरगी. त्यांच्यातली वाटत नाही. ते खाऊन मी बोटाच्या इशाऱ्यावर उठत होती, गोदामात जात होती, वर हासत होती. माझी मलेच किळस आली. अन् मंग संताप आला.

“मी नाही जात,” मी म्हटलं.

“काय?”

“नाही जात. माझी जागा ही आहे. मी इथं काम करते. काहून जाऊ, ते सांगा.”

“समजते तुले.”

“नाही समजत. बोलून सांगा. भटजीले ऐकू जाईन, त्या पायरीवरच्या माणसाले ऐकू जाईन, असं मोठ्यानं सांगा. पिल्लू काहून चालते अन् मी काहून नाही चालत?”

एवढ्या मोठ्या आवाजात मी त्या दुकानात कधी बोलली नव्हती. पिल्लू दचकून उभं राह्यलं अन् भुंकलं. मी बोट वर नाही केलं. भुंकू दिलं त्याले.

भटजी पोथीत पाहू लागले. वहिनी म्हणाल्या, “आज शुभ दिवस आहे ग, आज तरी असं नको.” मी म्हटलं, “वहिनी, माझाही आहे.” सुधीर पायाच्या अंगठ्याकडं पाहून राह्यला होता. एक दुकानदार हळूच म्हणाला, “उरका भाऊसाहेब, मुहूर्त चालला.” कोणी माझ्या बाजूनं बोललं नाही. एकही नाही. हे मी नीट पाहून ठेवलं.

भाऊसाहेब दात खाऊन म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.”

“येईन. काढायचं असन तर कारण बोलून काढा.”

त्यांनी भटजीले हात केला, चालू द्या म्हणून. माणसाच्या मनात जे असते, ते इतक्या लोकांसमोर तोंडातून काढायची हिंमत नव्हती त्यांच्यात. आरती झाली. मी खुर्चीवर बसून राह्यली. टाळी वाजवली नाही, मान खाली घातली नाही. नारळ फुटला. पहिल्या थैलीचं बिल मीच काढलं, कारण दुकानात दुसऱ्या कोणाले ते येतच नाही.

संध्याकाळी सुधीर म्हणाला, “चूप राह्यली असती तर काय बिघडलं असतं तुहं?”

“एकदा पूजेच्या टायमाले तू जाऊन बस गोदामात,” मी म्हटलं, “मंग इचार मले.”

घरी मायले सगळं सांगतलं. मले वाटलं, म्हणन, पाय, मी सांगतलं होतं. तसं काही म्हणाली नाही. चुलीतलं लाकूड मागं सारलं. मंग म्हणे, “नोकरी जाईन वं.”

“गेली तर गेली, माय.”

“मी उद्यापासून निंदाले जाते अजून. गुडघ्याचं काय, सवय हाय त्याले.” मंग माझ्याकडं पाहून म्हणाली, “पर तू उठू नको.” मले रडू आलं. सगळ्या दिवसात तवाच आलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या जीपनं गेली. भाऊसाहेबांनी वापस पाठवलं नाही. हंगाम आहे, बिलं कोण करन. पिल्लू माझ्याकडं धावत आलं. मी त्याच्या मानेवरून हात फिरवला अन् सगळ्यांसमोर सांगतलं, “पिल्लाचं काम आता दुसऱ्या कोणाले द्या. मी बिलाच्या कामाले लागली आहे, मी बिलं करीन.”

मले माहीत आहे, हंगाम सरला का भाऊसाहेब मले काढायचं पाहतील. दसऱ्याच्या पूजेच्या आधी पाहतील. काम कमी आहे म्हणतील, बोलणं उद्धट आहे म्हणतील, नवं एखादं निमित्त शोधतील. शोधू द्या. मी वस्तीतल्या बायांले सगळं सांगून ठेवलं आहे, तारखेसकट, कोण कोण उभं होतं त्यांच्या नावासकट. इतके दिवस मी वस्तीत फक्त चांगलं चांगलं सांगत होती. आता जे झालं ते सांगते, अन् मोठ्यानं सांगते.

दसऱ्याच्या पूजेलेही मी दुकानात जाणार. मले उठवलं तर मी सरळ पोलीस ठाण्यात जाईन अन् अॅट्रॉसिटीच्या कायद्यानं तक्रार लिहून देईन. तिथल्या साहेबानं मिटवून घे म्हटलं, तर वाशीमले त्याच्या वरच्या साहेबाकडं जाईन. माय संगं येणार आहे. ती म्हणे, माह्या आयुष्यात मले कुठून कुठून उठवलं, तेबी सांगायचं हाय मले त्यायले.