चिंधी बांधलेला दोडका

आमच्या योगाच्या बाईंनी बियाण्यासाठी राखलेला दोडका मी तोडला. त्याला चिंधी बांधलेली दिसली होती. मला वाटलं, नजर लागू नये म्हणून असेल.

बाईंचा वर्ग ऋतूप्रमाणं जागा बदलतो. उन्हाळ्यात गच्चीवर, पावसाळ्यात पोर्चमध्ये आणि थंडीत बजाजनगरच्या त्यांच्या घरामागं, भाजीच्या वाफ्यांच्या कडेला. तिथं त्यांचं अर्धं लक्ष आमच्या पाठीच्या कण्याकडं आणि अर्धं पालकाकडं असतं. "श्वास घ्या... अगं बाई, अळी!... हं, सोडा." अळी सापडेपर्यंत आमचा श्वास अडकलेला. वर्ग संपला की प्रत्येकाच्या हातात मेथीची जुडी, नाहीतर चार वांगी. माझी कंबर अजून वाकत नाही, पण भाजीपायी मी एक दिवस चुकवत नाही.

त्या दिवशी मी तो थोराड दोडका मोठ्या अभिमानानं पुढं केला. "बाई, हा तोडायचा विसरला होतात."

बाईंचा चेहरा उतरला. "काका, हे माझ्या आईकडचं बी, वैजापूरचं. आता तिथं वेल उरला नाय. म्हणून हा एकच राखला होता."

त्यांनी दोडका कापून पाहिला. आतल्या बिया अजून पांढऱ्या, दुधाळ होत्या, पेरल्या तर रुजणार नाहीत अशा. मग त्या वेलापाशी उकिडव्या बसल्या आणि एकेक पान उलटून बघू लागल्या. अगदी खाली, करंगळीएवढा एक दोडका सापडला. कापलेल्या दोडक्याची चिंधी सोडून त्यांनी त्याला बांधली आणि माझ्याकडं वळल्या.

"काका, तुम्ही आपलं शवासनच करत जा. तेवढ्या वेळात तरी तुमच्याकडून कुणाचं काही बिघडत नाय."